ग्रामीण रुग्णालयात नवीन आहात? कामट्या बांधलेला हात आधी सोडा

एमबीबीएसनंतरच्या सरकारी सेवेच्या बंधपत्रावर रुजू होताय म्हणजे फ्रॅक्चरचं वाचन झालेलंच असणार, ते परत सांगत नाही. आपल्या विदर्भातल्या खेड्यात समोर येतं ते असं: चिंचेवरून पडलेलं सात-आठ वर्षांचं पोर, कोपर टम्म सुजलेलं, आणि हाडवैद्यानं पाला लावून बांबूच्या कामट्यांनी करकचून बांधलेला हात. आजी म्हणते, "रातभर निजला नाही जी, पट्टी सोडा म्हन्ते."

हे ऐकलं की बाकीची ओपीडी थांबवा.

मला चकवलं ते नाडीनं. मनगटावर नाडी लागते, बोटं गुलाबी दिसतात आणि आपण निर्धास्त होतो. पण कंपार्टमेंट सिंड्रोममध्ये, म्हणजे स्नायूंभोवतीच्या घट्ट आवरणात दाब वाढतो तेव्हा, नाडी बराच वेळ लागत राहते. असा दाब वाढला की आधी बारीक केशवाहिन्या दबतात. मोठी धमनी त्या दाबालाही वाहत असते. पुस्तकातले पाचही 'पी' (दुखणं, फिकेपणा, नाडी न लागणं, बधिरपणा, लुळेपणा) जमायची वाट पाहाल तर हात गेलाच समजा. पोराची मिटलेली बोटं हळूच सरळ करा. ते किंचाळलं, की निदान झालं. लहान मुलं नेमकं दुखणं सांगत नाहीत. किरकिर करतात, आणि दुखण्याचं औषध पुरेनासं होतं. अंगठा आणि तर्जनीची टोकं जुळवून गोल करायला लावा. गोल चपटा झाला तर मज्जातंतूलाही मार आहे.

कामट्या, पट्टी, आतला कापूस, सगळं कातडीपर्यंत काढा. 'थोडं सैल केलंय, सकाळी बघू' हा शॉर्टकट मला अजिबात सहन होत नाही. कोपर जास्त वाकवू नका. हात हृदयाच्या पातळीला ठेवा, उंच टांगू नका. सहा-आठ तासांत स्नायू कायमचे मरतात आणि बोटं आखडतात. घट्ट पट्टीनं असं होतं हे जर्मन सर्जन फोल्कमान यांनी १८८१ मध्येच लिहिलंय.

घाबरू नका, आवरण उघडायची शस्त्रक्रिया तुमच्या माथी नाही. वेळेत ओळखणं आणि १०८ बोलावणं, एवढंच आपलं. सेवाग्राम असो की नागपूर, आधी फोन करा. चिठ्ठीत पडल्याची वेळ, पट्टी बांधल्याची वेळ आणि बोटांची हालचाल लिहा. नुसतं 'रेफर' लिहिणाऱ्या सीनियरकडून काही शिकू नका. प्लास्टर खोलीतला जुना ड्रेसर त्यापेक्षा बरा गुरू.

घरचे हाडवैद्याकडे जातात ते चिरफाडीच्या धाकानं. सरकलेलं हाड आता सी-आर्मखाली (हाड पडद्यावर दाखवणारं एक्स-रे यंत्र) बसवून बहुतेक वेळा चिरा न देताच तारा घालतात, तीन-चार आठवड्यांत काढतात, हे त्यांना सांगा. हाडवैद्याला मात्र त्यांच्यासमोर शिव्या देऊ नका. पुढचं पोर तो कामट्या न बांधता तुमच्याकडे धाडेल, ही आशा त्याच्याशी बोलणं चालू असलं तरच.

सोयाबीनच्या हंगामात मळणीयंत्रात तुटलेलं बोटही येईल. ते ओल्या गॉजमध्ये, मग पिशवीत, आणि ती पिशवी बर्फात. थेट बर्फावर कधीच नाही.