इंदूरच्या अंगणात स्ट्रॉबेरी : गादीवाफ्याची बांधणी आणि जोपासना

इंदूरमध्ये स्ट्रॉबेरी लावण्याचा विषय निघाला की येथील थंडी तिला पुरेल का, असे प्रथम विचारले जाते. थंडी पुरते. नोव्हेंबरच्या मध्यापासून फेब्रुवारीच्या अखेरीपर्यंत माळव्याच्या पठारावर रात्री गार आणि दिवस उबदार, स्वच्छ उन्हाचे असतात, आणि या पिकाला फुलण्यासाठी नेमके तेच हवे असते. अडचण आहे ती पायाखालच्या काळ्या मातीची आणि नळातून अथवा बोरिंगमधून येणाऱ्या पाण्याची. काळी माती ओली झाली की फुगते, पाणी धरून ठेवते आणि वाळली की भेगाळते. शिवाय तिच्यात चुन्याचा अंश असल्याने तिचा सामू (पीएच; हा आकडा जितका कमी तितकी माती अधिक आम्ल) बहुधा साडेसातच्या वरच असतो. स्ट्रॉबेरीला मात्र साडेपाच ते साडेसहा सामूची, हलकी आणि पाण्याचा लगेच निचरा करणारी माती लागते. महाबळेश्वरच्या तांबड्या जांभ्या मातीत हे गुण निसर्गतःच आहेत, आपल्याला ते तयार करावे लागतात. म्हणूनच इंदूरमध्ये गादीवाफा, म्हणजे जमिनीपासून उंच बांधलेला वाफा, ही शोभेची बाब नसून या लागवडीची पहिली अट आहे, आणि वाफा कशाचा बांधला यापेक्षा त्यात काय भरले याला कितीतरी अधिक महत्त्व आहे.

जागा निवडताना हिवाळ्यातील सूर्याचा विचार करावा. डिसेंबरात भर दुपारीसुद्धा इंदूरच्या आकाशात सूर्य दक्षिणेकडे कललेला, क्षितिजापासून सुमारे ४४ अंशांवरच असतो. त्यामुळे दक्षिणेला दहा फूट उंचीची भिंत असेल तर तिची सावली दुपारी बारा वाजताही दहा फुटांहून किंचित पुढे पोहोचते. साउथ तुकोगंज किंवा लोकमान्य नगरातील जुन्या घरांच्या आवारात मोकळी जागा असली तरी कुंपणाची भिंत आणि शेजारची नवी इमारत यांच्यामुळे जूनमध्ये उन्हाची दिसणारी जागा डिसेंबरात सावलीत गेलेली असते. किमान सहा तास थेट ऊन मिळेल, अशीच जागा घ्यावी. गच्चीवर वाफा करण्याचा मोह अनेकांना होतो. परंतु घराच्या गच्चीचा स्लॅब सामान्यतः चौरस मीटरमागे दीडशे किलोच्या वापरभाराचा हिशोब धरून बांधलेला असतो आणि एक फूट खोलीच्या ओल्या वाफ्याचे वजन सहज त्याच्या दुप्पट होते. गच्चीच असेल तर हलक्या मिश्रणाच्या आठ-दहा इंची पिशव्या तुळईच्या रेषेत ठेवाव्यात, मोठा वाफा बांधू नये.

घरच्या घरी बांधण्यास सहा फूट लांब, तीन फूट रुंद आणि एक फूट उंच हे माप सोयीचे आहे. रुंदी तीन फुटांपेक्षा वाढवू नये, कारण वाफ्यात पाय न ठेवता दोन्ही बाजूंनी मधल्या रोपापर्यंत हात पोहोचला पाहिजे. साध्या नऊ इंची विटांचे चार थर सिमेंटशिवाय, सांधे एकमेकांवर येणार नाहीत अशा रीतीने रचले की एक फूट उंची मिळते. त्यासाठी शंभर ते एकशे दहा विटा लागतात. चारही कोपऱ्यांना बाहेरून लोखंडी सळईचा एकेक तुकडा ठोकावा, म्हणजे पावसाळ्यात रचना फाकत नाही. येथे घरोघरी कोटा फरशीचे उरलेले तुकडे पडून असतात आणि ते उभे रोवून वाफा करणे सोपेही असते. पण कोटा हा चुनखडीचाच दगड आहे, आणि जो चुना आपण मिश्रणातून काटेकोरपणे टाळणार आहोत, तोच कडेने रोज ओल्या मातीला लावून ठेवणे योग्य नव्हे. ताज्या सिमेंटच्या गिलाव्यालाही हाच आक्षेप लागू होतो. जुन्या दरवाजाच्या किंवा खोक्याच्या फळ्या चालतील, मात्र त्यांवर जुना तैलरंग किंवा वाळवीनाशक लावलेले नसावे.

वाफ्याखालची जमीन कुदळीने वीतभर मोकळी करून हरळीच्या मुळ्या आणि लव्हाळ्याच्या गाठी वेचून काढाव्यात. लव्हाळा राहिला तर तो फूटभर मातीतूनही वर येतो. त्यावर कोऱ्या पुठ्ठ्याचा एक थर अंथरावा. तळाशी खडी घालण्याची पद्धत सर्वत्र दिसते, पण माझ्या मते ती अनाठायी आहे. बारीक मातीतील पाणी खालच्या जाड खडीत सहजासहजी उतरत नाही. ते खडीच्या वरच्या पातळीवर अडून राहते आणि मुळांसाठी उपलब्ध असलेली खोली तेवढी कमी होते. त्यापेक्षा विटांच्या तळच्या थरात दर दोन-तीन विटांमागे बोटभर फट ठेवावी. फरसबंद अंगणात वाफा असेल तर या फटी अत्यावश्यकच आहेत.

आता मिश्रण. दहा भागांचा हिशोब धरल्यास चार भाग कोकोपीट (नारळाच्या काथ्याचा भुसा), तीन भाग पूर्ण कुजलेले कंपोस्ट किंवा गांडूळखत, दोन भाग जाड वाळू आणि एक भाग माती, असे प्रमाण ठेवावे. वर सांगितलेल्या मापाचा वाफा अठरा घनफुटांचा आहे, परंतु मिश्रण पहिल्या महिन्यात खाली बसते, म्हणून वीस घनफूट तयारी करावी. बाजारात मिळणारी पाच किलोची कोकोपीटची वीट भिजल्यावर साधारण सत्तर लिटर होते, तेव्हा तीन विटा लागतील आणि चौथीतील थोडा भाग. कोकोपीटमध्ये मूळचेच क्षार असतात. ते भिजवून, पिळून, पाणी टाकून देऊन ही क्रिया दोन-तीन वेळा केल्याशिवाय वापरू नये. बांधकामासाठी येणारी नर्मदेची जाड वाळू उत्तम, फक्त ती धुऊन घ्यावी.

मातीचा एक भाग कोणता घालावा, हे एका सोप्या चाचणीने ठरवता येते. वाळलेली माती बशीत घेऊन तिच्यावर व्हिनेगरचे काही थेंब टाकावेत. बुडबुडे येऊन माती फसफसली तर तिच्यात मोकळा चुना आहे आणि ती माती या वाफ्यासाठी निरुपयोगी आहे, मग ती दिसायला कितीही सुंदर असो. वाळूचीही हीच परीक्षा घ्यावी.

कंपोस्टच्या बाबतीत इंदूरकरांना परंपरा आहे, आणि ती जगाने घेतलेली परंपरा आहे. ब्रिटिश कृषिशास्त्रज्ञ आल्बर्ट हॉवर्ड यांनी १९२४ ते १९३१ या काळात येथील इन्स्टिट्यूट ऑफ प्लांट इंडस्ट्रीमध्ये यशवंत वाड यांच्यासह काम करून जी पद्धत बसवली, ती आजही ‘इंदूर पद्धत’ म्हणूनच ओळखली जाते. पालापाचोळा आणि पिकांचे अवशेष, शेण, गोमूत्र मुरलेली माती आणि लाकडाची राख यांचे थर रचायचे, ओलावा राखायचा, ठरावीक अंतराने ढीग उलथायचा आणि साधारण तीन महिन्यांत खत तयार करायचे, असे तिचे स्वरूप आहे. आपल्या अंगणातील पाने, भाजीची देठे आणि गोठ्यातून आणलेले शेण यांवर हीच पद्धत पुरते. फक्त स्ट्रॉबेरीसाठी ढीग रचताना त्यातून राख वगळावी. राख आम्लता कमी करण्यासाठी घातली जाते, आणि आपल्याला तर ती थोडी वाढवायची आहे. मेच्या मध्यात रचलेला ढीग ऑगस्टात हाताशी येतो, म्हणून कामाचा आरंभ पावसाच्या आधीच करावा. विकतचे खत घेतल्यास त्याला कुजका वास नाही आणि त्यात ओळखू येणारे तुकडे नाहीत, एवढे पाहून घ्यावे. अर्धवट कुजलेले शेणखत हुमणीला, म्हणजे मुळे खाणाऱ्या अळीला, आमंत्रण देते.

तयार मिश्रणात शंभर ग्रॅम गंधकाची भुकटी सर्वत्र सारखी मिसळावी. गंधक स्वतः आम्ल नसते. मातीतील जिवाणू त्याचे आम्लात रूपांतर करतात आणि त्यासाठी ओलावा, ऊब व सहा ते आठ आठवड्यांचा अवधी लागतो. म्हणजे ऑक्टोबरच्या लागवडीसाठी वाफा ऑगस्टच्या अखेरीस भरून झालेला असावा. लावणीच्या आदल्या दिवशी गंधक घालण्याचा काही उपयोग होत नाही.

रोपे ऑक्टोबरच्या दुसऱ्या पंधरवड्यात, उकाडा ओसरल्यावर लावावीत. बियांच्या पाकिटांच्या मागे लागू नये. बियांपासून फळापर्यंत फार काळ जातो आणि रोप मूळ वाणासारखे निघत नाही. महाबळेश्वर-पाचगणी भागातून येणारी धावत्या खोडांची रोपे, ज्यांना शेतकरी रनर म्हणतात, तीच घ्यावीत. विंटर डॉन, स्वीट चार्ली आणि कामारोसा हे वाण सहज मिळतात. इंदूरचा हंगाम लहान असल्यामुळे लवकर फळणारे पहिले दोन मला अधिक योग्य वाटतात. जानेवारीत रोपवाटिकांमध्ये फळे लगडलेल्या कुंड्या विक्रीस येतात. त्या मोहक दिसतात, पण तोवर निम्मा हंगाम संपलेला असतो.

तीन ओळी, दोन रोपांत एक फूट अंतर, याप्रमाणे वाफ्यात अठरा रोपे बसतात. लावताना सर्वाधिक लक्ष क्राउनकडे द्यावे, म्हणजे मुळे आणि पाने यांच्या मधल्या त्या आखूड, जाडसर खोडाकडे. त्याचा मध्य मातीच्या पातळीशी बरोबर जुळला पाहिजे. तो मातीत गाडला गेला तर कोंब कुजतो आणि फार वर राहिला तर मुळे उघडी पडून वाळतात. मुळे खड्ड्यात दुमडू न देता खाली पसरून लावावीत, संध्याकाळी लावावीत आणि पहिला आठवडा दुपारी हिरव्या जाळीची सावली द्यावी.

याच सुमारास माळव्यात सोयाबीनची कापणी-मळणी आटोपलेली असते आणि तिचे कुटार, म्हणजे मळणीनंतर उरलेला भुसा, सहज मिळते. त्याचा दोन इंचांचा थर रोपांभोवती, क्राउनपासून चार बोटे दूर ठेवून पसरावा. त्यामुळे ओल टिकते, तण दबते आणि पुढे फळे ओल्या मातीला टेकत नाहीत. सोयाबीनचे कुटार गव्हाच्या काडापेक्षा लवकर कुजते, म्हणून डिसेंबरात आणखी एक थर द्यावा लागतो.

पाण्याविषयी जरा विस्ताराने सांगणे आवश्यक आहे, कारण येथील बहुतेक वाफे पाण्यामुळेच पिवळे पडतात. स्ट्रॉबेरी हे क्षारांना अत्यंत संवेदनशील पीक आहे. बोरिंगच्या जड पाण्यातील चुना हळूहळू मिश्रणात साठतो आणि ऑगस्टमध्ये कष्टाने साधलेला सामू जानेवारीपर्यंत पुन्हा वर जातो. त्यामुळे शक्य असेल तिथे १९७८ पासून शहराला मिळणारे नर्मदेचे पाणी द्यावे, आणि पावसाळ्यात छतावरचे पाणी टाकीत साठवता आले तर ते दोन्हींत मिसळून वापरावे. आरओ यंत्रातून वाया जाणारे पाणी झाडांना घालण्याची चांगल्या हेतूची सवय अनेक घरांत आहे. त्या पाण्यात क्षार अधिकच एकवटलेले असतात, तेव्हा ते फरशी धुण्यास वापरावे, या वाफ्यात कदापि घालू नये. पानांच्या कडा तपकिरी होऊन वाळू लागल्या तर क्षार साठल्याचे समजावे आणि चांगल्या पाण्याने वाफा एकदा भरपूर धुऊन काढावा. कोवळी पाने पिवळी आणि त्यांच्या शिरा तेवढ्या हिरव्या दिसल्या तर ती लोहाची कमतरता असते. मातीत हिराकस (फेरस सल्फेट) टाकून ती भरून निघत नाही, कारण चुन्याच्या सान्निध्यात त्यातले लोह मुळांना मिळेनासे होते. ईडीडीएचए प्रकारचे चिलेटेड, म्हणजे सेंद्रिय संयुगात बांधलेले, लोह मुळाशी द्यावे. चढ्या सामूतही ते टिकते.

एरवी पाणी सकाळी, मुळाशी आणि थोडे थोडे द्यावे. ऑक्टोबरात रोज, थंडी पडल्यावर बोट दोन इंच आत घालून कोरडे लागेल तेव्हाच. पहिल्या महिन्यातील फुले खुडून टाकावीत. मन होत नाही हे खरे, परंतु त्या काळात रोपाने मुळे आणि पाने वाढवली तरच पुढे ते फळांचा भार पेलते. रनर दिसताच तेही कापावेत. नोव्हेंबरात १९:१९:१९ आणि फुले धरू लागल्यावर १३:०:४५ हे विद्राव्य खत (आकडे अनुक्रमे नत्र, स्फुरद आणि पालाश यांचे), लिटरला एक ते दोन ग्रॅम या मानाने दर दहा दिवसांनी पुरेसे होते. म्युरेट ऑफ पोटॅश या पालाशयुक्त खतामध्ये क्लोराइड असल्याने ते टाळावे.

फुलांत परागीभवन अपुरे राहिले तर फळ वेडेवाकडे, एका बाजूने दबलेले निघते. वाफ्याजवळ मोहरी किंवा कोथिंबीर फुलू दिल्यास मधमाश्या येतात. त्या दिसत नसतील तर सकाळी दहाच्या सुमारास मऊ कुंचला फुलाच्या मध्यभागी हलकेच फिरवावा. डिसेंबर-जानेवारीत दव गोठण्याचा अंदाज असेल त्या रात्री जुन्या चादरीने, ती फुलांना टेकणार नाही अशा बेताने, वाफा झाकावा आणि सूर्य वर येताच उघडावा. फुलाचा मध्य काळा पडला असेल तर त्याला फळ धरणार नाही, ते काढून टाकावे.

फळ सर्वांगाने लाल झाल्यावरच, सकाळी, देठासह तोडावे. तोडल्यानंतर स्ट्रॉबेरी लाल होते, पण गोड होत नाही. पिकू लागताच बुलबुल आणि खारी यांच्यापासून रक्षणासाठी जाळी अनिवार्य ठरते. एका रोपापासून हंगामात पाव किलो फळे मिळाली तर घरच्या वाफ्यासाठी ते उत्तम उत्पन्न मानावे. फेब्रुवारीच्या मध्यानंतर हवा कोरडी व उष्ण होऊ लागते आणि पानांच्या मागे लाल कोळी ही सूक्ष्म कीड दिसते; पानांची मागची बाजू पाण्याच्या फवाऱ्याने धुणे आणि संध्याकाळी लिटरला पाच मिलिलिटर कडुनिंबाचे तेल साबणाच्या थेंबासह फवारणे हा उपाय सुरुवातीसच करावा.

मार्चअखेर फळे लहान आणि आंबट येऊ लागतात. रोपे सावलीत ठेवून उन्हाळा आणि पावसाळा पार करण्याचा प्रयत्न करता येतो, परंतु चाळीस अंशांची उष्णता आणि त्यामागोमाग येणारी सततची ओल या दोन्हींतून निभावलेली रोपे अशक्त राहतात, म्हणून दरवर्षी नवी रोपे लावणे मला अधिक हिताचे वाटते. रोपे उपटल्यावर मे महिन्यात वाफा ओला करून त्यावर पारदर्शक प्लॅस्टिक चार ते सहा आठवडे घट्ट ताणून ठेवावे. इंदूरच्या उन्हात त्याखालची बुरशी आणि तणाचे बी बहुतांशी नष्ट होते. पाऊस सुरू होताच त्यात ताग पेरावा आणि फुलण्याच्या सुमारास कापून मिश्रणात गाडावा. टोमॅटो, वांगी, मिरची किंवा बटाटा या वाफ्यात घेऊ नये, कारण त्यांचे मर रोग स्ट्रॉबेरीलाही लागतात. ऑगस्टअखेर खाली बसलेला भाग नव्या कंपोस्टने भरून काढावा आणि सामूपट्टीने तपासणी करून आवश्यकता असल्यासच पुन्हा गंधक मिसळावे.