मृगाआधी डिझेलचा ड्रम नीट लावा

पहिला दमदार पाऊस झाला की वापसा दोन-तीन दिवसांचाच मिळतो. काळ्या रानातला पाणंद रस्ता तोवर चिखलाने बंद झालेला असतो, पंपावर ट्रॅक्टरांची रांग लागलेली असते आणि नेमकी त्याच दिवशी टाकी खडखडाट करते. म्हणून मे संपण्याआधी डिझेल आणून ठेवण्याची पद्धत आहे आणि ती योग्यच आहे. घोटाळा होतो तो साठवण्यात आणि ओतण्यात. ड्रम उघड्यावर उभा, बुच हातानेच फिरवलेले, आणि 35 लिटरचा कॅन खांद्यावर घेऊन टाकीत धार. यातल्या प्रत्येक गोष्टीला थोड्या खर्चात चांगला पर्याय आहे.

किती साठवायचे?

35 ते 45 एचपीचा ट्रॅक्टर रोटाव्हेटरवर साधारण ताशी 4 ते 6 लिटर डिझेल खातो. जमीन, खोली आणि गियर यांनुसार आकडा बदलतो. पेरणीयंत्रावर आणि ट्रॉलीवर तो कमी होतो. दिवसाचे 10 तास धरले तर जड कामाला 50 लिटर लागतात, म्हणजे 200 लिटरचा एक ड्रम चार दिवसांचा. स्वतःची पाच-सहा एकर जमीन असेल आणि भाड्याची कामे घेत नसाल तर ड्रमच्या नादी लागू नका. 20 लिटरचे दोन-तीन जाड कॅन पुरतात आणि डिझेल शिळे होत नाही. भाड्याने ट्रॅक्टर चालवणाऱ्याला एक किंवा दोन ड्रम लागतात. त्याहून जास्त पडून राहिले तर पावसाळ्याच्या दमट हवेत ते नुसते बिघडते. तीन महिन्यांत संपेल एवढेच आणावे.

पेट्रोलियम कायदा, 1934 नुसार डिझेल 'ब' वर्गात मोडते. एका जागी एकूण 2500 लिटरपर्यंत आणि एकही भांडे 1000 लिटरपेक्षा मोठे नसेल तर साठवायला परवाना लागत नाही. पेट्रोलचा नियम फार कडक आहे. विक्रीसाठी नसलेले जास्तीत जास्त 30 लिटर, तेही 25 लिटरपेक्षा मोठ्या नसलेल्या, घट्ट झाकणाच्या धातूच्या डब्यात. ग्रासकटर, पॉवर वीडर असणाऱ्यांनी हे लक्षात ठेवावे. जिल्हा प्रशासन कधीकधी कॅनमध्ये इंधन देण्यावर बंदी घालते, तेव्हा कॅन घेऊन निघण्याआधी पंपावर विचारा. शेतकरी उत्पादक कंपनी किंवा अवजार बँकेकडे चार-पाच ट्रॅक्टर असतील तर घरपोच डिझेलचीही चौकशी करावी. इंडियन ऑइलने मार्च 2018 मध्ये पुण्यातून ही सेवा सुरू केली आणि आता अनेक भागांत मोजणी यंत्र बसवलेली डिझेलची गाडी जागेवर येते.

ड्रमात पाणी येते कुठून?

ड्रमाच्या आत दव धरते आणि त्यातून पाणी साचते, असे सगळे सांगतात. ते खरे आहे, पण त्याचा वाटा लहान आहे. अर्ध्या रिकाम्या ड्रमात 100 लिटर हवा असते आणि 30 अंशाला अगदी दमट हवेतही त्यात जेमतेम 3 ग्रॅम पाणी असते. खरा चोर ड्रमाच्या डोक्यावर बसलेला असतो. उभ्या ड्रमाचे वरचे पत्रे कडेपेक्षा खोल असते, त्यामुळे पाऊस पडला की तिथे थाळीसारखे पाणी साचते. दीड सेंटीमीटर पाणी म्हणजे जवळजवळ पावणेचार लिटर, आणि दोन्ही बुचे त्या पाण्यात बुडालेली. दुपारी ड्रम तापला की आतली हवा फुगून बुचाच्या वायसरमधून बाहेर पडते. संध्याकाळी सर आली, पत्रा गार झाला की आत ओढ निर्माण होते आणि त्याच फटीतून पाणी आत खेचले जाते. बुच दिसायला घट्ट असते, म्हणून कोणाला शंका येत नाही.

उपाय सोपा आहे. ड्रम छपराखाली ठेवा. छप्परच नसेल तर ड्रम आडवा करा आणि दोन्ही बुचे एका आडव्या रेषेत, डावी-उजवीकडे येतील असा फिरवा. ड्रम भरलेला असेपर्यंत बुचे आतून डिझेलखाली राहतात आणि हवाही ओढली जात नाही, पाणीही नाही. उभाच ठेवायचा असेल तर एका बाजूखाली दोन इंची फळी सारून तिरका करा, म्हणजे पाणी बुचांपासून दूर, खालच्या कडेला जाईल. वर जुनी टोपली किंवा पत्र्याचा तुकडा टाका. दोन्ही बुचांची रबरी वायसर दर हंगामात बदला.

ड्रम थेट मातीवर ठेवू नये, खालून गंजतो. लाकडी ओंडके किंवा विटा घाला. कोकणात तर ड्रमाचा तळ बाहेरून रंगवल्याशिवाय दोन पावसाळे टिकत नाही. गॅल्व्हनाइज्ड, म्हणजे जस्ताचा मुलामा दिलेले भांडे डिझेलला वर्ज्य. जस्ताशी संयोग होऊन साबणासारखा चिकट पदार्थ तयार होतो आणि फिल्टर तुंबतो. नळ जोडताना जीआय, म्हणजे जस्ताचाच मुलामा असलेल्या लोखंडी पाइपचे तुकडे वापरण्याची सवय असते, तीही याच कारणाने सोडावी.

जुना ड्रम घेताना आधी त्यात काय होते ते विचारा. इंजिन ऑइलचा ड्रम दोन-तीन लिटर डिझेलने खंगाळून चालतो. कीटकनाशक, रसायन किंवा रेझिनचा ड्रम कितीही धुतला तरी नको. आणि जुना ड्रम कापून हौद किंवा स्टँड करायचा मोह आवरा. रिकामा दिसणारा ड्रम वाफेने भरलेला असतो आणि गॅस कटर लावला की फुटतो. माणसे यात दगावली आहेत.

उपसा: चार पद्धती, पाचवीला साफ नकार

तोंडाने नळी ओढणे बंद. डिझेल चुकून श्वासनलिकेत गेले तर फुफ्फुसाला सूज येते. गिळल्यावर उलटी करवल्याने धोका वाढतो, कारण तेच डिझेल पुन्हा श्वासात जाते. असे झाल्यास उलटी न करवता थेट दवाखाना गाठा.

कॅनसाठी सर्वांत स्वस्त म्हणजे टोकाला गोळीचा व्हॉल्व असलेली नळी. टोक डिझेलात बुडवून वर-खाली पाच-सहा झटके दिले की धार सुरू होते. अट एकच, कॅन टाकीपेक्षा उंच हवा. ट्रॉलीच्या फळ्यावर किंवा ट्रॅक्टरशेजारच्या भक्कम ओट्यावर कॅन ठेवला की काम झाले. 20 लिटर डिझेल 16-17 किलोचे असते, 35 लिटरच्या कॅनला डिझेलच 29 किलो. एवढे वजन खांद्याच्या उंचीवर धरून ओतताना धार हलते आणि बॉनेटखालच्या तापलेल्या सायलेन्सरवर पडते. त्यामुळे 35 चा कॅन साठवणीला ठेवा, उचलायला 20 चाच घ्या.

ड्रमसाठी हाताने फिरवायचा रोटरी पंप बहुतेकांना पुरतो. तो दोन इंची तोंडात बसतो आणि नेमाने फिरवला तर मिनिटाला 20 लिटरच्या आसपास देतो. बसवताना तीन गोष्टी पाहा. ओढणीचा पाइप तळापासून 5 सेंटीमीटर वर राहील असा कापा. दोनशे लिटरच्या ड्रमाचा आतला व्यास सुमारे 57 सेंटीमीटर असतो, म्हणून उभ्या ड्रमात दर सेंटीमीटरला अडीच लिटर येते आणि तळाशी 12-13 लिटर शिल्लक राहते. हे वाया जात नाही, तो गाळ-पाण्याचा थर आहे. दुसरे, उपसताना लहान बुच सैल करा. नाही तर आत ओढ तयार होऊन हँडल जड जाते आणि पंप बिघडला असे वाटते. तिसरे, एकदा 10 लिटरच्या मापाच्या डब्यात उपसून किती फेरे लागले ते पंपावरच रंगाने लिहून ठेवा. पुढे मापाची कटकट नाही.

रोज 50 लिटर भरावे लागत असेल तर 12 व्होल्टचा डिझेल पंप घ्या. हे पंप साधारण मिनिटाला 40 लिटर देतात आणि 12 ते 15 अँपिअर ओढतात. वायर लांब असेल तर 4 चौ. मिमी जाडीची घ्या. बारीक वायरीवर व्होल्टेज पडते आणि पंप रडतो. चिमटे लावताना आधी धन बॅटरीला, मग ऋण चॅसीला, बॅटरीपासून लांब, आणि ड्रम उघडण्याआधी. बंद-चालू नेहमी पंपाच्या बटणावरूनच करा, चिमटा काढून नव्हे, कारण तिथे ठिणगी पडते. कोरडा चालू ठेवला तर आतली पाती झिजतात. हा पंप पेट्रोलला कधीच लावू नये. त्याची मोटर त्यासाठी बंदिस्त केलेली नसते.

गुरुत्वाचा नळ दिसायला सर्वांत सोपा. आडव्या ड्रमाच्या खालच्या पाऊण इंची बुचात नळ बसवायचा, वरच्या दोन इंचीत हवेसाठी टोपीचा श्वासनळ. पण बहुतेक ट्रॅक्टरच्या टाकीचे तोंड चार-साडेचार फुटांवर असते, म्हणजे ड्रम सहा फुटांवर हवा आणि भरलेल्या ड्रमाचे वजन 185 किलोच्या घरात जाते. लोखंडी अँगलचा हलका स्टँड यासाठी नको, काँक्रीटचा ओटाच हवा. ड्रम मागच्या बाजूला दोन-तीन सेंटीमीटर उतरता ठेवा, गाळ मागे जाईल. दोष एकच पण मोठा: नळ गळला की रात्रीत अख्खा ड्रम रिकामा होतो. कुलपाचा नळ नसेल तर ही पद्धत नको. आमच्या मते पंपाचा खर्च या ओट्यापेक्षा शहाणपणाचा आहे.

भरलेला ड्रम ट्रॉलीतून टायरवर ढकलून उतरवणे हाही जुना प्रकार. शिवण उकलते आणि ते लगेच कळत नाही. ड्रम ट्रॉलीतच बांधून ठेवा आणि डिझेल पंपाने जागेवरच्या ड्रमात घ्या. 40 लिटरच्या पंपाला पाच मिनिटे लागतात.

नळी डिझेलसाठीची नायट्राइल रबराची घ्या. बागेची पारदर्शक नळी हंगामाभरात कडक होऊन तडकते आणि ओढणीच्या बाजूला लावली तर चपटी होते. आट्यांना टेफ्लॉन टेप लावताना पहिल्या दोन आट्या मोकळ्या सोडा, नाही तर टेपचे धागे पंपात जातात. काम झाले की नळीचे टोक टाकीतून बाहेर काढा. ड्रम खाली आणि टाकी वर असताना टोक डिझेलात बुडालेले राहिले तर टाकीतले डिझेल उलटे ड्रमात येते.

गाळणे

धोतराच्या फडक्याने पाला, किडे आणि जाड कचरा अडतो. बारीक धूळ आणि पाणी अडत नाही, उलट कापडाचे धागे टाकीत जातात. जुन्या इंजेक्शन पंपाच्या इंजिनांनी हे खपवून घेतले. 1 जानेवारी 2023 पासून 50 एचपीवरील ट्रॅक्टरना ट्रेम-4 हे धुराच्या प्रदूषणाचे मानक लागू झाले. त्यातल्या कॉमन रेल इंजिनांचा दाब हजार बारच्या पुढे जातो आणि इंजेक्टरमधली फट काही मायक्रॉनची (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) असते. तिथे चिमूटभर धूळही महागात पडते. पंपाच्या पुढे 10 मायक्रॉनचा, पाणी धरणारा फिल्टर लावा. गुरुत्वाच्या नळावर 10 मायक्रॉनने धार करंगळीएवढी होते, तिथे 25-30 मायक्रॉनचा ठेवा.

ड्रम भरल्यावर किंवा हलवल्यावर एक रात्र शांत राहू द्या. मग तळाचे अर्धा लिटर काचेच्या स्वच्छ बाटलीत काढून दहा मिनिटे ठेवा. स्वच्छ आणि चमकदार असेल तर ठीक. गढूळ दिसले तर पाणी मिसळले आहे, तळाला थेंब जमले तर मोकळे पाणी आहे. तपकिरी-काळा बुळबुळीत थर दिसला तर त्या पाण्यावर जिवाणू-बुरशी वाढली आहे. तो ड्रम रिकामा करून धुवावा लागतो, वरून कोणते औषध टाकून भागत नाही.

जागा

कडबा, गोठा आणि मोटारीचा स्टार्टर यांपासून किमान 40-50 फूट लांब. विहीर-बोअरजवळ नको आणि उताराच्या वरच्या अंगालाही नको. ड्रमाभोवती दीड बाय सव्वा मीटर आणि 15 सेंटीमीटर उंच कट्टा बांधला तर अख्खा ड्रम सांडला तरी आत राहतो. छप्पर नसेल तर त्यात पावसाचेच तळे होईल. शेजारी वाळूच्या दोन बादल्या आणि 6 किलोचे ड्राय पावडरचे अग्निशामक ठेवा. पेटलेल्या डिझेलवर पाणी मारले की आग पसरते. ज्या कॅनमध्ये पेट्रोल होते त्यात डिझेल भरू नका, आणि डिझेलचा रिकामा कॅन पिण्याच्या पाण्याला देऊ नका. कॅनवर मोठ्या अक्षरांत नाव लिहा.

ट्रॅक्टरची टाकी पावसाळ्यात संध्याकाळी काम सुटल्यावर भरा, सकाळी नव्हे. इंजिन बंद करून दहा मिनिटे थंड होऊ द्या. तोंडाजवळची धूळ पुसूनच झाकण उघडा आणि काठोकाठ भरू नका. फिल्टरखालच्या वाटीतले पाणी पावसाळ्यात आठवड्यातून एकदा काढा. तरीही शेतात इंजिन अडखळून बंद पडले तर सारखा सेल्फ मारू नका. वाटी रिकामी करा, फिल्टरवरचा हवेचा स्क्रू सैल करा, हाताच्या पंपाने बुडबुडे थांबून सलग डिझेल येईपर्यंत दाबत राहा आणि मग स्क्रू आवळा. वाटीत दुसऱ्यांदा पाणी आले तर टाकीचा तळ उघडून पूर्ण निथळल्याशिवाय ट्रॅक्टर चालू करू नका.