हॉटबार लावताना आधी बोटांकडे बघा

हॉटबार म्हणजे कॉम्प्युटर गेममध्ये स्किल्सची (पात्राचे हल्ले, उपचार वगैरेंची) पट्टी; तिच्यातलं प्रत्येक स्किल एका कळीवर असतं. डावा हात चालण्याच्या डब्ल्यू-ए-एस-डी कळांवर असताना १ ते ४ सहज दाबता येतात. ७ च्या पुढे मात्र चालणं थांबवूनच हात न्यावा लागतो आणि बॉसच्या (मोठ्या, ताकदवान शत्रूच्या) लढाईत तेवढ्यात जीव जातो. म्हणून सतत लागणारी स्किल्स हाताजवळच हवीत.

वर्ल्ड ऑफ वॉरक्राफ्ट या ऑनलाइन गेममध्ये ए आणि डी मुळात पात्र वळवण्यासाठी असतात, बाजूला सरकायला क्यू आणि ई. पण वळायला माउसचं उजवं बटण पुरतं, तेही जास्त झटपट. तेव्हा सरकणं ए-डीवर आणा. क्यू आणि ई मोकळ्या झाल्या! माझ्या मते या दोन्ही कळा सोन्यासारख्या आहेत. शत्रूचा मंत्र तोडणारं स्किल ई वरच ठेवा, आणि प्रत्येक पात्रासाठी तिथेच.

शिफ्टने जोड्या लावा: एफवर साधं हीलिंग (जखमा भरून काढणं), शिफ्ट-एफवर मोठं. लक्षात ठेवायला सोपं जातं. माउंट (स्वारीचा प्राणी), औषधं वगैरे बाजूच्या बारवर, क्लिक करून चालतं.

सगळं एकदम बदलू नका. दोन-तीन कळा बदला, ट्रेनिंग डमीवर (सरावाच्या पुतळ्यावर) हात बसवा, मगच डंजनमध्ये (शत्रूंनी भरलेल्या ठिकाणी) जा.