आधी मूळ बघा, मग दुकानाची पायरी चढा

मृगाला तीन आठवडे उरलेत. कोल्हापुरातल्या राधानगरी, गगनबावडा, शाहूवाडी, आजरा, चंदगडच्या तांबड्या जांभ्या रानात मातीचा आंबटपणा मारायला चुना विस्कटायचा असेल तर आत्ताच, वळवाच्या ओलीवर. मातीत मिसळून मुरायला त्याला तीन-चार आठवडे लागतात.

गेल्या खरिपात राधानगरीकडं एका रानात सोयाबीन गुडघ्याखालीच खुंटलं होतं. "हुमणीच हाय वो, दुसरं काय असणार!" मालकानं दोनदा औषध टाकलेलं, वर मुळी वाढवायची महागडी बाटली. मी खुरप्यानं चार रोपं मातीसकट काढली, बादलीत धुतली. मुळ्या खाणारी हुमणीची अळी एकही नाही. मुळ्या आखूड, जाड, टोकाला तपकिरी. तंतुमुळं जवळजवळ नाहीत, नत्र धरणाऱ्या गाठी दोन-तीन. मातीचा सामू (पीएच; आकडा जितका कमी तितकी माती आंबट) पाचाच्या खाली निघाला.

सामू ५.५ च्या खाली उतरला की मातीतलं ॲल्युमिनियम विरघळतं आणि पहिला घाव मुळीच्या टोकावर बसतो. त्यात टाकलेलं स्फुरद (फॉस्फरस) लोह-ॲल्युमिनियम धरून बसतं. अशा रानात डीएपी या स्फुरदाच्या खताचं जादा पोतं म्हणजे पैसे पुरणं.

सांडपाणी मिसळलेल्या ओढ्या-नदीचं पाणी उपसणाऱ्यांनो, तुमचा धोका डोळ्यांना दिसत नाही. आंबट मातीत कॅडमियम हा विषारी धातू सुटा होऊन मुळीवाटे वर चढतो, आणि पीक हिरवंगारच दिसू शकतं. चुन्यानं तो बांधला जातो, मातीतून जात नाही. तिथं मेथी-पालक नको, नाल्याचा गाळ तर नकोच.

मातीचा नमुना: खत टाकण्याआधी. ८-१० जागा. व्ही आकाराचा खड्डा, २०-२२ सेंमी. सावलीत वाळवून अर्धा किलो. धातू तपासायचे असतील तर तसं आधी सांगा. नेहमीच्या तपासणीत ते येत नाहीत.

चुन्याची पूर्ण मात्रा अहवालाप्रमाणे. तेवढा खर्च झेपत नसेल तर दरसाल पेरणीच्या ओळीत हेक्टरी २ ते ४ क्विंटल चुनखडीची बारीक भुकटी. युरिया, अमोनियम सल्फेट तिच्यासोबत टाकू नका, नत्र उडून जातं. आणि कुणी चुन्याऐवजी जिप्सम गळ्यात मारलं तर परत करा. त्यानं सामू वाढत नाही. ते शिरोळकडच्या चोपण (सोडियम साचून घट्ट झालेल्या) रानाचं औषध.

बांधाला नेचे माजलेले दिसले की मी माती आंबटच धरतो. हा माझा अंदाज, नुसत्या त्याच्या भरवशावर चुना घालू नका.

पेरणीनंतर विसाव्या दिवशी चार रोपं पुन्हा खुरप्यानंच काढा. उपटली तर टोकं तुटून मातीत राहतात, आणि बघायचं असतं ते टोकच.