फायबर चॅनल लूप: या चुका टाळा

फायबर चॅनल म्हणजे सर्व्हरना डिस्क आणि टेपशी जोडणारं नेटवर्क. त्याच्या आर्बिट्रेटेड लूपवर सगळी उपकरणं एका वर्तुळात जोडलेली असतात आणि एका वेळी एकच जोडी बोलते. ज्या पोर्टला (उपकरणाच्या जोडणीच्या टोकाला) डेटा पाठवायचा असतो तो आपल्या पत्त्याचा एआरबी, म्हणजे लूप मागणारा, सिग्नल लूपवर सोडतो. वाटेत जास्त प्राधान्याचा पोर्ट थांबलेला असेल, तर तो आलेला सिग्नल काढून स्वतःचा पुढे पाठवतो. ज्याचा सिग्नल फिरून त्याच्याकडेच परत येतो, त्याला लूप मिळतो. तो समोरच्याला ओपन पाठवतो, डेटाची देवाणघेवाण होते आणि क्लोज झाल्यावर लूप मोकळा होतो. तोवर बाकीचे पोर्ट आलेलं पुढे ढकलत राहतात.

त्यामुळे डिस्क वाढवल्या की वेग वाढेल, हा हिशेब इथे चुकतो. 1 गिगाबिटच्या लूपवर एका दिशेने सेकंदाला सुमारे 100 मेगाबाइट मिळतात, तेही सगळ्यांत मिळून. पत्ते 127 आहेत, त्यातला शून्य स्विचच्या पोर्टसाठी राखीव. उरलेले 126 भरायलाच हवेत असं नाही!

सगळ्यात महागात पडते ती लिपकडे, म्हणजे लूप नव्याने सुरू होण्याच्या प्रक्रियेकडे, केलेली डोळेझाक. एखादी डिस्क काढली, घातली किंवा सर्व्हर रीस्टार्ट केला की लूप नव्याने सुरू होतो, सगळी वाहतूक थांबते आणि पत्ते पुन्हा ठरतात. डिस्कला हे सहसा झेपतं, पण टेपवर चाललेला बॅकअप मध्येच तुटू शकतो. टेप वेगळ्या लूपवरच ठेवा.

कोणी हात लावलेला नसताना लिपमागून लिप येत असतील, तर दिसेल ती डिस्क बदलत सुटू नका. प्रत्येक पोर्टचे एरर काउंटर आत्ता आणि तासाभराने वाचा. जुन्या आकड्यांना अर्थ नाही, वाढ कुठे झाली ते बघा. इनव्हॅलिड वर्ड (बिघडून पोचलेले डेटाचे तुकडे) ज्या डिस्कवर वाढले, ती बहुतेक वेळा निर्दोष असते. बिघाड तिच्या अलीकडे असतो: आधीच्या डिस्कचा ट्रान्समीटर, मधली केबल किंवा एसएफपी (केबल जोडायचं छोटं मॉड्यूल). संशयित पोर्ट हबवरून (लूपचे पोर्ट एकत्र जोडणाऱ्या उपकरणावरून) बायपास करा आणि काउंटर पुन्हा बघा.

दोन शेल्फना (डिस्क बसवायच्या पेट्यांना) एकच आयडी दिला की दोन डिस्क एकच पत्ता मागतात. एकीला तो मिळतो, दुसरीला उरलेल्यांपैकी कुठलाही, आणि पुढच्या लिपनंतर तो बदलूही शकतो. म्हणून सर्व्हरवर मॅपिंग लूपच्या पत्त्याने न करता डब्ल्यूडब्ल्यूएनने (उपकरणाच्या कायमच्या ओळख क्रमांकाने) करा.

स्विचला जोडलेला लूप दिसतच नसेल, तर आधी स्विचचा तो पोर्ट फक्त फॅब्रिक मोडवर (लूप न घेता थेट एकाच उपकरणाशी जोडायच्या पद्धतीवर) लॉक केलेला नाही ना, ते तपासा.