कॉस्मॉलॉजीचं पुस्तक निवडताना: एका उणे चिन्हात गेलेले तीन आठवडे

पीएचडीच्या पहिल्या वर्षी माझ्या टेबलावर कॉस्मॉलॉजीची, म्हणजे विश्वरचनाशास्त्राची, पाच पुस्तकं होती आणि एकाचीही चाळीस पानं धड वाचून झाली नव्हती. पुस्तकं जमवणं हाच अभ्यास वाटायचा.

सामान्य सापेक्षता (आइन्स्टाइनचा गुरुत्वाकर्षणाचा सिद्धांत) एक सत्र शिकून झाली आहे आणि फ्रीडमन समीकरणं (विश्वाच्या प्रसरणाची) कागदावर काढता येतात, असं धरून लिहितोय. ते अडत असेल तर आधी रायडनचं पुस्तक वाचा. पदवीच्या पातळीचं आहे म्हणून मी नाक मुरडलं होतं. तुम्ही मुरडू नका, महिन्याभरात उरकतं.

खरी निवड त्यापुढे. माझ्या गाईडनी पहिल्याच भेटीत वाइनबर्गचं २००८चं पुस्तक हातात ठेवलं. गाईड मंडळींना आपण कशावरून शिकलो ते आठवत नाही, आता काय आवडतं तेवढं आठवतं. ते पुस्तक थोर आहे, पण नवख्याला दुसऱ्या प्रकरणातच दम लागतो. कोल्ब-टर्नर १९९०चं, म्हणजे १९९८ साली विश्वाच्या प्रवेगी प्रसरणाचा शोध लागला त्याआधीचं. तरी सुरुवातीच्या विश्वातल्या ऊष्मागतिकीसाठी अजून उघडावंसं वाटतं. पर्टर्बेशन (एकसारख्या विश्वातले छोटे चढउतार) आणि सीएमबीकडे (सुरुवातीच्या विश्वातून उरलेलं सूक्ष्मलहरी प्रारण) जायचं असेल तर डोडेलसन (२००३; श्मिटसोबतची दुसरी आवृत्ती २०२०) किंवा बाउमन (२०२२) घ्या. दोन्ही चांगली आहेत. कुठलं जास्त चांगलं यावर कँटीनमध्ये तासभर वाद घालू नका, आम्ही घातलाय.

आता माझा घात कुठे झाला ते. डोडेलसनच्या पहिल्या आवृत्तीत मेट्रिकच्या (अवकाश-काळातली अंतरं मोजायच्या सूत्राच्या) अवकाशी भागात 'एक अधिक दोन फाय' आहे. फाय हा अवकाशी भागातला छोटा बदल, साय काळाच्या भागातला. मा आणि बर्टशिंगर यांच्या १९९५च्या पेपरात तिथेच 'एक उणे दोन फाय' आहे. त्यामुळे अनायसोट्रॉपिक स्ट्रेस (दिशेनुसार वेगळा असणारा ताण) नसताना पेपरात फाय आणि साय सारखे, तर पुस्तकात एकमेकांच्या उलट चिन्हाचे. जिथे घनता जास्त तिथे पुस्तकातला फाय धन, पेपरातला ऋण. मी द्रव्याची समीकरणं पेपरातून उचलली, पॉइसाँचं समीकरण (घनतेवरून फाय देणारं) पुस्तकातून, आणि 'फाय म्हणजे साय' म्हणून मोकळा झालो.

कोड चालला. एरर नाही, काही नाही. फक्त द्रव्यप्रधान काळात डेल्टा (घनता सरासरीहून किती वेगळी ते) स्केल फॅक्टरच्या (विश्व किती पसरलं त्याच्या मापाच्या) प्रमाणात वाढायच्या ऐवजी हेलकावे खात विझत गेला. मी स्टेप साइज बदलला, इंटिग्रेटर बदलला, सुरुवातीच्या अटी तीनदा तपासल्या. तीन आठवडे! शेवटी वैतागून कागदावर साधा घातांक टाकून पाहिला. डेल्टा म्हणजे काळाचा 'एन'वा घात. बरोबर चिन्हाने 'एन' दोन तृतीयांश येतो. माझ्या चिन्हाने 'एन'च्या वर्गसमीकरणाची मुळं संमिश्र आली, वास्तव भाग उणे एक षष्ठांश. म्हणजे हुबेहूब माझा ग्राफ. गुरुत्वाकर्षण मी ढकलणारं करून ठेवलं होतं.

एवढंच नाही. टाऊ हे अक्षर एकीकडे कन्फॉर्मल काळ (स्केल फॅक्टरने भागत मोजलेला), दुसरीकडे ऑप्टिकल डेप्थ (वाटेत प्रकाश किती अडतो त्याचं माप). अक्षराच्या डोक्यावरचा टिंब, म्हणजे बदलाचा दर, कधी कन्फॉर्मल काळाच्या हिशेबाने, कधी साध्या काळाच्या. कोल्ब-टर्नरमध्ये स्केल फॅक्टर मोठा 'आर'. मुखानोव यांच्या २००५च्या पुस्तकात मेट्रिकची सिग्नेचरच (काळाच्या आणि अवकाशाच्या पदांची चिन्हं) उलटी. फूरियर रूपांतरातले दोन-पाय (२π) कुठे ठेवलेत तेही पाहा: तुमचा पॉवर स्पेक्ट्रम (कुठल्या आकाराच्या चढउतारांत किती जोर ते) दुसऱ्याच्या जवळपास २४८ पट निघाला तर भौतिकशास्त्रात नवं काही सापडलेलं नाही, तो दोन-पायचा घन आहे.

म्हणून पुस्तक घेण्याआधी पर्टर्ब केलेल्या मेट्रिकचं पान उघडा, ही चिन्हं एका कागदावर उतरवा. तुमच्या गटात जो कोड वापरतात त्याच्याशी जुळणारं पुस्तक असेल तर तेच घ्या, मग लोक काहीही म्हणोत. दुसऱ्या पुस्तकातून समीकरण आणायचं झालं तर आधी त्या कागदावरून भाषांतर करून घ्या. तयार सोडवलेल्या उदाहरणांच्या फायली फिरत असतात, त्या पहिल्या सहा महिन्यांत उघडू नका. त्यांत कुठली चिन्हं धरली आहेत हे बहुतेकदा लिहिलेलंच नसतं.

आणि घाबरू नका. पर्टर्बेशनचं प्रकरण पहिल्या वाचनात कुणालाच कळत नाही. मला चौथ्यांदा कळलं, तेही पेन हातात घेतल्यावर.

वाइनबर्ग मी तिसऱ्या वर्षी परत उघडलं. आवडलं. गाईडना अजून सांगितलेलं नाही.