नांगर टाकण्याआधी: फुकेतला बोट घेऊन निघालेल्या नाशिककरांसाठी

पासपोर्ट, विमा, उलटीच्या गोळ्या, उन्हाची क्रीम हे घ्याच, त्यावर शब्द खर्च करत नाही. कसारा घाटातल्या ट्रॅफिकचा अंदाज तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त. मी फक्त नांगराचं लिहितोय, कारण मागच्या खेपेला बेटाच्या आडोशाला जेवणं आटपून सगळे झोपल्यावर आमची बोट नांगरासकट सरकायला लागली होती. साखळी मोजताना भरती धरलीच नव्हती.

म्हणून पहिलं काम घरातच. भिंतीवरच्या कॅलेंडरात तिथी बघा. चांदणं मिळावं म्हणून जो तो पौर्णिमेच्या आगेमागे बोट बुक करतो आणि उधाणही तेव्हाच असतं; जोर तर पौर्णिमा-अमावास्येनंतर एक-दोन दिवसांनी जास्त. फुकेतकडे उधाणाला भरती आणि ओहोटीच्या पाण्यात अडीच-तीन मीटरचा फरक पडतो. अष्टमीच्या सुमारास, भांगाच्या भरतीला, तो बराच कमी होतो. आपल्याला याची सवय नाही. गोदावरीचं पाणी चढतं ते गंगापूर धरणातून विसर्ग सोडला की, आणि किती चढलं ते दुतोंड्या मारुतीकडे बघून सगळ्या गावाला कळतं. समुद्र दिवसातून दोनदा चढतो आणि कुणी इशारा देत नाही. धरणावर बोट चालवायचा सराव जरूर करा, पण भरती तिथे शिकता येत नाही.

तिथीला पाऊणनं गुणून भरतीची वेळ काढायचा कोकणातला हिशोब फुकेतला लावू नका, तो आपल्या किनाऱ्यापुरता आहे. तिथलं भरतीचं वेळापत्रक घ्या आणि कागदावर उतरवा. थायलंडचं घड्याळ आपल्यापेक्षा दीड तास पुढे आहे. घरी बसून मोबाईलवर पाहिलेली वेळ भारतीय आहे की तिथली, ते तपासा. भरती रोज साधारण ५० मिनिटांनी पुढे सरकते, तेव्हा कालची वेळ आज चालत नाही.

आता हिशोब, आणि तो प्रत्येकाने स्वतःच्या हाताने करून बघायचा. समजा संध्याकाळी पोचलात, ओहोटी पूर्ण झाली आहे, खोली ५ मीटर. बोटीचं पुढचं टोक पाण्यापासून १.५ मीटर वर. रात्रीत पाणी आणखी २.५ मीटर चढणार. झाले ९. सगळी साखळीच असेल तर पाचपट, म्हणजे ४५ मीटर सोडायची. साखळीपुढे दोर असेल तर सातपट धरा. नुसत्या ५ मीटर खोलीला पाचने गुणून २५ मीटर सोडली, तर भर भरतीला ती तिप्पटही उरत नाही. साखळी तळाशी आडवी पडली तर ओढ आडवी बसते आणि नांगर आणखी रुततो. ती उभी ताणली गेली की नांगर उपटून येतो. भरती मिळवा. खोली, टोकाची उंची आणि भरती. तिन्ही मिळवल्याशिवाय गुणाकार करायचा नाही.

उलटंही आहेच. भरतीला पोचलात तर तेच पाणी रात्री उतरणार. चार मीटर बघून खूश होऊ नका, त्यातून अडीच वजा करा आणि मग बोटीचा तळ कुठे येतो ते बघा.

खरेदी थोडीच. हार्डवेअरच्या दुकानातून गवंड्याचा ओळंबा आणि बारीक दोरी घ्या, दोरीला दर मीटरला गाठ मारा. बोटीवर खोली दाखवणारं यंत्र असतं, पण ते पाण्याच्या पृष्ठभागापासून मोजतं की बोटीच्या बुडापासून, हे बोटीगणिक बदलतं. ओळंबा एकदा सोडला की शंका मिटते. एम.जी. रोडवरून रंगीत केबल टाय आणा आणि साखळीला दर १० मीटरला वेगळा रंग बांधा (बोटवाल्याला विचारून). पोलराइज्ड गॉगल हवा, पाण्याखाली बघायचा मास्क हवा. बोट ताब्यात घेताना साखळी एकूण किती मीटर आहे ते विचारा. ‘भरपूर आहे’ हे उत्तर धरायचं नाही.

दुपारी तीनच्या आत पोचा. ऊन डोक्यावर असताना पांढरी वाळू फिकट हिरवी दिसते, प्रवाळ आणि खडक काळपट. नांगर वाळूतच टाकायचा. प्रवाळावर टाकलेला नांगर शेकडो वर्षांची वाढ मोडतो आणि साखळी अडकते ती वेगळीच. सिमिलानसारख्या राष्ट्रीय उद्यानांत बोट बांधायला तरंगते बोया असतात, तिथे बोयाच धरा. डिसेंबर-जानेवारीत वारा ईशान्येचा, म्हणून बेटाची पश्चिम बाजू सहसा शांत; फुकेतच्या दक्षिण टोकाचा नाय हान किनारा त्यासाठीच भरलेला असतो.

पुढे उभा असलेला आणि सुकाणूवरचा, दोघांनी हाताच्या खुणा आधी ठरवा. इंजिनच्या आवाजात ओरडून काही ऐकू येत नाही, फक्त नवरा-बायकोची भांडणं होतात. तोंड वाऱ्याकडे, बोट थांबवा, नांगर तळाला टेकेपर्यंत हळू सोडा, मग मागे सरकत साखळी पसरत न्या. ढीग करू नका. साखळी ताठ झाली की रिव्हर्स थोडा वाढवा आणि अनवाणी पाय साखळीवर हलकेच ठेवा. नांगर घासत असेल तर तळपायाला खडखड लागते. रुतला असेल तर साखळी नुसती ताणते आणि गप्प राहते. पटत नसेल तर उचला, परत टाका. शेजारच्या बोटीवरचे बघतील, बघू देत. मग मास्क लावून खाली बघून या. आणि भरती मिळवली होती का, ते पुन्हा एकदा कागदावर बघा. आत्ता साखळी वाढवणं दोन मिनिटांचं काम आहे, अंधारात दोन तासांचं.

रात्रीसाठी: साखळीला ताण झेलणारा नायलॉनचा दोर लावा. किनाऱ्यावरचं एक झाड आणि त्यामागचा एक खडक एका रेषेत धरून ठेवा, रेष मोडली तर बोट सरकली. मोबाईलवर नांगराचा अलार्म (बोट सरकली की वाजणारा) आणि मोबाईल चार्जिंगला. डोलकाठीवरचा पांढरा दिवा सुरू. डिंगी (किनाऱ्यावर जायची छोटी होडी) वर ओढलेली. भरतीच्या वेळेचा गजर लावा आणि एकाने तेव्हा उठून बघायचंच, कितीही झोप आली तरी.

सकाळी इंजिन आधी, नांगर वर ओढणारी मोटर नंतर. बोट इंजिनने नांगरावर न्या. मोटरने बोट ओढलीत तर मोटर जळेल. साखळीचा चिखल धुवा, नांगर खाचेत बसवून पिन घाला. चहा त्यानंतर.